मोकळ्या पट्टीतला पाहुणा

मी एक रेडिओ बोलतोय. एवढ्यावरून गाण्यांची वाट बघू नका. गाणी, बातम्या, बाजारभाव यांतलं मला काही येत नाही. पत्र्याचा करडा डबा, डोक्यावर काठीसारखा अँटेना आणि कुशीला एक लाल कळ, तीही मला गप्प करण्यासाठी. एवढाच माझा संसार. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "हा विजेचा मीटर का?" पूर्वी राग यायचा. आता म्हणतो, म्हणा बापडे.

माझं काम ऐकण्याचं आहे. हवेतल्या लहरींच्या कोणत्या पट्टीत कोण बोलतंय आणि कुठली पट्टी रिकामी पडलीय, याचा मी सतत कानोसा घेतो. रिकामी पट्टी सापडली की तिच्यातून लोकांचे निरोप पोचवतो, आणि पट्टीचा खरा मालक आला की मुकाट बाजूला होतो. म्हणजे मी दुसऱ्याच्या जागेत राहणारा पाहुणा. पाहुण्याच्या अंगी थोडं शहाणपण लागतं. ते मला ज्यांनी दिलं त्यांचे उपकार सांगावेत, म्हणून हा प्रपंच.

तुम्हाला हवा मोकळी वाटते ना? ती तशी नाही. तिच्या पट्ट्या पाडून कधीच वाटून झाल्यात. ही टीव्हीची, ही विमानांची, ही पोलिसांची, ही मोबाइलवाल्यांची. नव्याने येणाऱ्याला पाय ठेवायला जागा नाही. गंमत अशी, की यातल्या कितीतरी पट्ट्या दिवसातला बराच वेळ नुसत्या पडून असतात. बाकावर पिशवी ठेवून गायब होणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. तसंच हे. पिशवीवाला येईपर्यंत त्या जागेवर एखाद्या दमलेल्या जिवाने टेकलं तर कुणाचं काय बिघडलं? या एका साध्या विचारातून माझा जन्म झाला.

जन्मलो एका संस्थेच्या मागच्या खोलीत. टेबलावर वायरींची भेंडोळी, डाख देताना उठणारा धूर आणि प्यायचे राहून गेलेले चहाचे कप. मला घडवणाऱ्या इंजिनिअर बाईंना तिथे सगळे 'मॅडम' म्हणत. चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलाखाली शोधायची त्यांची सवय होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मी रोज पाहिलं आहे. पण माझ्या पोटातला केसाएवढा बारीक तुकडा कुठे हललाय, हे त्यांना चष्म्याशिवायही कळायचं.

त्यांच्या जोडीला एक सहकारी होते. त्यांचं पाळण्यातलं नाव मला माहीत नाही; खोलीत त्यांना 'घाईबुवा' म्हणत. त्यांचं काम झटपट आणि बहुतेक वेळा बरोबर असे. या 'बहुतेक'वरच त्यांची सगळी गाडी चालली होती. मनाने मात्र माणूस लोण्यासारखा. माझ्यावर चहा सांडला तेव्हा त्यांनी आधी मला पुसलं, मग स्वतःचा शर्ट.

मला पहिला धडा मिळाला तो उंबरठ्याचा. हवेत शांतता अशी कधी नसतेच, काही ना काही खरखर चालूच असते. मग मालक बोलतोय की नुसती खरखर आहे, हे ओळखायचं कसं? तर एक माप ठरवायचं. त्याहून मोठं काही कानावर आलं तर मालक घरात आहे असं समजून गप्प बसायचं. त्याहून बारीक असेल तर खुशाल बोलायचं. या मापाला मॅडम उंबरठा म्हणत.

"उंबरठा फार खाली ठेवला तर हा लाजून कधी बोलणारच नाही," मॅडम म्हणाल्या. "फार वर ठेवला तर निगरगट्ट होईल. मालक समोर उभा असला तरी याला ऐकू यायचं नाही."

"मग मधे ठेव," घाईबुवा म्हणाले.

"मधे म्हणजे नेमका कुठे?"

यावर घाईबुवांनी गार झालेला चहा तोंडाला लावला. या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत कुणालाच मिळालं नाही. ते मिळायला माझ्या नशिबात पाण्याची वाट होती.

मला बसवलं ते एका सूतिकागृहाच्या गच्चीवर. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे उतारावर वसलेलं छोटं शहर. टेलिफोनच्या जुन्या तारेवरून बोलणं जायचं, पण चित्रं जात नसत, आणि मोबाइल डोंगराच्या आडोशाला मुका व्हायचा. सूतिकागृहात कायमचे डॉक्टर नव्हते. एक सिस्टर होत्या, खंबीर आणि तोंडाने थोड्या फटकळ. पोटातल्या बाळाची चित्रं काढायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. ती चित्रं मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना दाखवायची, तर वाट नव्हती. ती वाट म्हणजे मी. समोरच्या डोंगरावर माझा जोडीदार बसवला होता. मी त्याच्याकडे चित्र टाकायचं, त्याने पुढे पोचवायचं, असा बेत.

दोन्ही अंगांनी टीव्हीचे मनोरे असल्यामुळे त्या खोऱ्यात आम्हाला एकच पट्टी मोकळी सापडली. तिलाही मालक होताच. उताराच्या तळाशी पोहण्याचा तलाव होता, पत्र्याच्या छपराखालचा. तिथल्या बिनतारी माइकला ही पट्टी रीतसर दिलेली होती. त्या माइकवर बोलायच्या त्या मॅडमच्या सख्ख्या आत्या.

आत्यांनी त्या शहरातल्या निम्म्या लोकांना पोहायला शिकवलं होतं. एकेकाळी त्यांचा आवाज असा होता म्हणे, की त्यांनी तलावात "पाय हलवा!" म्हटलं की रस्त्यावरची माणसंही भराभर चालू लागत. मग घशाचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली, आणि त्या आवाजाचा एक धागा तेवढा उरला. पण शिकवणं सोडतील तर त्या आत्या कसल्या! कॉलरला माइक लावून त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. भाचीला त्या लहानपणापासून 'बेडकी' म्हणत. लोकांदेखतसुद्धा म्हणत, आणि मॅडम कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत.

माझे सुरुवातीचे दिवस फजितीचे गेले. मॅडमनी उंबरठा खाली ठेवला होता, कारण आत्यांच्या आड येऊन चालणार नव्हतं. आणि सूतिकागृहाला लागूनच सुतारकामाचा कारखाना होता. सिस्टर चित्र पाठवायला बसल्या की नेमकी तिकडे करवत सुरू होई. तिच्या मोटरीच्या ठिणग्या हवेत असा गोंधळ घालत, की मला वाटे, आले मालक! मी गप्प.

शहरातल्या डॉक्टरांचा फोन यायचा. "सिस्टर, बाळाचं डोकं दिसतंय. पुढचं कुठाय?"

"पुढचं करवत थांबल्यावर येईल, डॉक्टर."

एकदा मॅडम आल्या तेव्हा सिस्टरांनी त्यांना धरलंच. "मॅडम, तुमचा डबा फार संस्कारी आहे हो. शेजारी कुणी शिंकलं तरी गप्प बसतो. मला नुसता गुणाचा नको, कामाचा हवा. बायका टेबलावर झोपून राहतात आणि मी इथे याच्या विनवण्या करते."

बोलणं खरं होतं. मला लाज वाटली.

घाईबुवांनी बाह्या सरसावल्या. "उंबरठा वर घेऊ. आधी आत्यांचा माइक इथपर्यंत किती मोठा ऐकू येतो ते तपासू. त्याच्या जरा खाली उंबरठा ठेवला की करवतही त्रास देणार नाही आणि आत्यांनाही धक्का नाही."

तपासायला त्यांनी तलावाचा सुट्टीचा दिवस धरला. कुणाला अडथळा नको, हा चांगला हेतू. पाणी सोडून तलाव धुवायला काढला होता. घाईबुवा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कोरड्या काठावरून फिरले, माइक डोक्यावर धरून, "हॅलो, हॅलो" करत. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी गाणंही म्हणून घेतलं. इकडे गच्चीवर मला त्यांच्या माइकची लहर शेजारी उभं राहून बोलावं इतकी स्वच्छ आली.

"आत्या असताना एकदा तपासूया का?" मॅडम म्हणाल्या.

"अगं, माइक तोच, पट्टी तीच, तलाव तोच. आत्या काय वेगळं करणार आहेत?"

मॅडमनी सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं."

त्या दिवसापासून माझं नशीब पालटलं. करवतीकडे मी कानाडोळा करू लागलो. चित्रं अखंड जाऊ लागली, डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत. सिस्टर मला 'अरे डब्या' म्हणायच्या त्या 'अरे बाळा' म्हणू लागल्या. पावसाचं पाणी लागू नये म्हणून त्यांनी कपडे धुवायचा एक निळा टब माझ्यावर उलटा बांधून दिला. अवतार माझा असा झाला, की मीटर समजणारेही विचारेनासे झाले. पण त्या टबाखाली बसून मला जे सुख वाटलं ते काय सांगू!

इकडे हे सुख चाललेलं, आणि तिकडे तलावावर काय घडतंय याचा मला पत्ताच नव्हता. पुढे सगळी मंडळी गच्चीवर माझ्यासमोर बसून बोलली तेव्हा कळलं. ते आता ओळीने सांगतो.

आत्यांकडे शिकाऊ तुकडी असायची. त्यात लहान पोरं थोडी, मोठी माणसंच जास्त; उभा जन्म पाण्याला भ्यायलेली. अशा माणसाला पाण्यात कशाचा आधार असतो? कानावर येणाऱ्या आवाजाचा. आत्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "काठ सोडा, मी आहे." भिंतीवरच्या कर्ण्यातून ते वाक्य आलं की घट्ट धरलेली बोटं सुटत.

गेले काही आठवडे त्या कर्ण्यातून भलतंच येऊ लागलं होतं. "काठ सो... टर्रर्र... आहे." शिकणारे बिचकत. एका काकूंनी तर खोल पाण्यात भांबावून नाकातोंडात पाणी घेतलं. दुसऱ्या शिक्षकाने त्यांना ओढून काढलं म्हणून निभावलं.

आत्यांनी माइकचे सेल बदलले, वायर बदलली, कर्ण्याचं तोंड फिरवून पाहिलं. काही उपयोग होईना. मग त्यांच्या मनाने घेतलं की दोष आपल्या गळ्याचा आहे. हा धागाही आता विरत चाललाय आणि माइकलाही तो पकडता येत नाहीये. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ज्या बाईने दुसऱ्यांची भीती घालवण्यात आयुष्य काढलं, ती स्वतःची भीती कुणापाशी बोलणार?

तलावाचे मॅनेजर माणूस वाईट नव्हते. त्यांनी आत्यांना बसवून घेतलं. "तुमच्याबद्दल आदर आहेच. पण पाण्याशी खेळ आहे, आत्या. पुढच्या आठवड्यापासून शिकाऊ तुकडी दुसऱ्यांकडे देतो. तुम्ही ऑफिसात बसा, फोन घ्या."

"या आवाजात फोन?" आत्या एवढंच म्हणाल्या.

त्यांनी भाचीला कळवलं, "बेडके, माझी शेवटची तुकडी आहे. बघायला ये. मग काही मी पाण्यात दिसायची नाही."

मॅडम आल्या, पायरीवर बसल्या. आत्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. कर्ण्यातून आवाज आला, "श्वास सो... टर्रर्र." जरा थांबून पुन्हा टर्रर्र. पुन्हा क्षणभर शांत. पुन्हा टर्रर्र.

मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. दहा पोरांच्या रडण्यातून आईला आपलं पोर ओळखू येतं म्हणतात. ती माझी चाल होती. मी बोलतो, मधेच थबकून कानोसा घेतो, मग पुन्हा बोलतो. ही लय त्यांनीच माझ्या अंगात घातली होती. आत्यांच्या कर्ण्यात मॅडमचं स्वतःचं लेकरू बडबडत होतं.

मग त्यांचं लक्ष आत्यांच्या पाठीकडे गेलं. माइकची छोटी डबी आत्यांनी पिशवीत घालून दोन्ही खांद्यांच्या मधे बांधली होती, आणि भिजू नये, वारा लागू नये म्हणून वरून जाड टॉवेल घट्ट लपेटला होता. टॉवेल ओलाचिंब. मागे पाणी, पुढे माणसाचं अंग, वर पत्र्याचं छप्पर. पाणी आणि अंग लहरी गिळून टाकतात, हे तर मॅडम दुसऱ्यांना शिकवत असत. आत्यांचा माइक माझ्यापर्यंत जेमतेम कुजबुजीसारखा पोचत होता आणि माझ्या उंचावलेल्या उंबरठ्याखालून निघून जात होता. माझं बोलणं मात्र तलावावर ठणठणीत ऐकू येत होतं. कोरड्या तलावात, हवेत हात उंच करून या दोघांनी पोहण्याची परीक्षा घेतली होती!

मॅडम ऑफिसातल्या फोनकडे धावल्या. "सिस्टर, डब्याची लाल कळ दाबा. आत्ताच्या आत्ता."

"मॅडम, चित्र चाललंय. अर्धं गेलंय."

मॅडमच्या एका कानात सिस्टर होत्या आणि दुसऱ्या कानात तो कर्णा. त्यांनी डोळे मिटले. "दाबा."

सिस्टरांनी धावत वर येऊन कळ दाबली आणि माझं बोलणं बंद झालं. मला ते अर्धं चित्र घशात अडकल्यासारखं वाटलं. पण तलावावर कर्णा एकाएकी स्वच्छ झाला. "काठ सोडा, मी आहे," आत्यांचा तो बारीक आवाज छपराखाली सगळीकडे पोचला. आत्या थबकल्या. कर्ण्याकडे वळून पाहिलं आणि स्वतःलाच ऐकवावं तसं पुन्हा म्हणाल्या, "मी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या जिना चढून माझ्या गच्चीवर आल्या. मॅडम होत्या, सिस्टर होत्या, आणि घाईबुवा तोंडात मारल्यासारखे पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. मॅडमनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

आत्यांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे माझा गळा बरा आहे?"

"तुझा गळा उत्तम आहे, आत्या. चुकलं ते आमचं."

आत्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि बाहीने डोळे पुसू लागल्या. बराच वेळ पुसत होत्या. मग एकदम कडाडल्या, म्हणजे त्यांना जेवढं कडाडता येतं तेवढ्या. "आणि इथे डबा बसवलाय, हे मला सांगायला काय झालं होतं? सख्खी आत्या ना मी?"

"तुला कळूच नये, असंच याचं काम होतं गं. पाहुणा आहे हेसुद्धा मालकाला जाणवू नये."

"वा! अगदीच जाणवला नाही हो!"

घाईबुवा पुढे आले. "आत्या, नियम असा आहे, की मालकाने नुसतं म्हटलं तरी आम्हाला डबा उतरवावा लागतो. तुम्ही म्हणाल तसं."

सगळे आत्यांकडे पाहू लागले. मीही पाहू लागलो. त्यांच्या एका होकाराने माझा निळा टब सुटणार होता. तक्रार करायला मला तोंड नव्हतं. जागा त्यांचीच होती.

"आत्या, हक्क तुमचाच आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण..." आणि त्यांनी जिन्याकडे, खालच्या खोल्यांकडे पाहिलं.

"काल अर्धं राहिलेलं चित्र कुणाचं?" आत्यांनी विचारलं.

"खालच्या खोलीत आहे ती. पहिलंच बाळ आहे, आणि अवघड आहे. मग मी फोनवरून डॉक्टरांना जमेल तसं वर्णन करून सांगितलं. वर्णनावर बाळंतपणं होत नाहीत, आत्या."

आत्या उठून माझ्याजवळ आल्या. टब वर करून त्यांनी माझ्या पत्र्यावर बोटाने टकटक केलं. "बेडके, पहिल्या दिवशी तू पाण्यात काय केलं होतंस?"

"काठ सोडला नव्हता," मॅडम म्हणाल्या.

"दुसऱ्या दिवशी?"

"तुला चावले होते."

"मग मी तुला घरी हाकललं का? तर यालाच का हाकलू? याला माझा माइक ओळखायला शिकव. मात्र काठावरून नाही. पाण्यात उतरून."

तुम्हाला सांगतो, माझ्या अँटेनाच्या टोकापर्यंत कसलीशी ऊब चढली. मला आजवर लोकांनी बनवलं होतं, तपासलं होतं, बसवलं होतं. "याला शिकव" असं म्हणणाऱ्या आत्या पहिल्याच.

आणि मग शिकवणी सुरू झाली. तलाव भरलेला, आत्या पाण्यात, टॉवेल नेहमीसारखा ओला आणि घट्ट. घाईबुवांनाही पाण्यात उतरवलं होतं, कारण आत्यांचा हुकूम होता की ज्याने कोरड्यात परीक्षा घेतली त्याने ओल्यात द्यावी. ते काठाला घोरपडीसारखे चिकटून होते. मॅडम वर माझ्याजवळ.

"ही मी तुझ्याकडे पाठ करून उभी आहे," आत्या माइकवर म्हणत. "ही मी खाली वाकले. आता कडेला गेले. लक्ष आहे ना?"

मॅडमनी मला नवी युक्ती दिली. नुसता मोठा की बारीक एवढंच बघायचं नाही, तर कोणाचं आहे ते ओळखायचं. करवत सगळ्या हवेभर विस्कटते. आत्यांचा माइक मात्र त्या बोलत नसतानाही आतल्या आत एक बारीकसा, सरळ, न हलणारा सूर धरून असतो. तो सूर ओळखायला शिकलो आणि करवतीची भीती कायमची गेली.

शिवाय मला तलावावर दोन सोबती मिळाले, माझ्यासारखेच पण छोटे डबे. एक कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीवर, दुसरा तलावाच्या खिडकीत. ते बोलत नाहीत, नुसतं ऐकतात. तिघांपैकी एकालाही आत्यांचा सूर आला तर तिघांनी मिळून मान्य करायचं की मालक आल्या. एकट्याच्या कानावर विसंबायचं नाही. मी किती काळ स्वतःच्याच कानांवर फुशारलो होतो!

आत्या पाण्यात पार गळ्यापर्यंत गेल्या आणि मी तरीही ओळखलं, तेव्हा मॅडम गच्चीवरून ओरडल्या, "ऐकलं त्याने!" खालून माइकवर त्या बारीक आवाजात उत्तर आलं, "शाबास रे." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

मॅडमनी मॅनेजरांकडे जाऊन सांगितलं की खोट आमच्या डब्याची होती, आत्यांची नव्हे. मॅनेजर सावध माणूस, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पिणारा. "मी एकदा स्वतः काठावर उभा राहून अख्खी शिकवणी ऐकतो," ते म्हणाले. "मग तुकडीचं ठरवू."

तो दिवस आला. मॅनेजर हात मागे बांधून उभे. आत्यांनी माइक लावला, सोबत्यांनी मला खूण केली आणि मी गप्प झालो. तलावावर कर्णा काचेसारखा स्वच्छ. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि त्याच वेळी इकडे खालच्या खोलीतल्या त्या पहिलटकरणीच्या पोटात दुखू लागलं, रक्त जाऊ लागलं. सिस्टरांनी घाईघाईने चित्र काढून माझ्याकडे दिलं.

मी बोललो नाही.

"अरे बाळा, आज नको ना असं करूस," सिस्टर म्हणाल्या. करवत बंद होती. त्या समजून चुकल्या, की हा घाबरून गप्प नाही, मालक आहेत म्हणून गप्प आहे. मला बोलता आलं असतं. त्यांचं चित्र माझ्या पोटात होतं, आणि आत्यांचा सूर माझ्या कानात. मी पाहुणा होतो. उठून मालकाला ढकलणं मला शिकवलेलं नव्हतं.

सिस्टर फोनकडे धावल्या. तलावावर मॅनेजरांनीच तो घेतला. "आत्यांना सांगा, वरती चित्र अडलंय. जरा जागा द्या म्हणावं."

मॅनेजरांनी काठावर येऊन निरोप सांगितला. शिकणारे निम्मे खोल पाण्यात होते. शिकवणी मधेच थांबवली तर परीक्षेचं काय होईल, हे आत्यांना ठाऊक होतं; ज्याच्या हातात तुकडी होती तो समोरच उभा होता. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"सगळे काठाला या," त्या माइकवर म्हणाल्या. "धरा घट्ट. आता मी जरा वेळ बोलणार नाही. घाबरायचं नाही, मी इथेच आहे."

आणि त्यांनी माइक बंद केला.

तो सरळ सूर थांबला. भिंतीवरचा सोबती म्हणाला, गेल्या. खिडकीतला म्हणाला, गेल्या. मीही कान देऊन खात्री केली. मग जे बोलायला लागलो, ते एका दमात. चित्र डोंगरावर पोचलं, डोंगरावरून शहरात. डॉक्टर फोनवर ओरडले, "वार खाली आहे, सिस्टर! बाळाची वाट अडलीय. तिथे थांबू नका, गाडी काढा. मी इकडे तयारी करतो."

आणि तोवर तलावात? माणसं काठाला धरून चुपचाप उभी होती. आत्या मधोमध, सगळ्यांना दिसतील अशा, एक हात वर करून. आवाज नव्हता, पण कुणी घाबरलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडल्यावर सिस्टरांचा फोन गेला, तेव्हा मॅनेजरांनी स्वतः काठावरून हाक दिली, "गेलं हो चित्र!" मग माइक सुरू झाला, आणि मी थांबलो.

बाळ सुखरूप झालं, आईही वाचली. सिस्टरांनी गच्चीवर येऊन मला ते सांगितलं. डब्याला सांगायला कोण जिना चढून येतं? त्या आल्या. मॅनेजरांनी आत्यांना एवढंच म्हटलं, "तुकडी तुमचीच. कर्ण्याशिवायही तुम्ही शिकवता हे मला माहीत नव्हतं."

याला आता बराच काळ लोटला. माझ्यापेक्षा सडपातळ, हुशार डबे निघालेत असं ऐकतो. माझा पत्रा कडेने गंजलाय. एक दिवस मला उतरवतील, त्याचं वाईट वाटत नाही. मॅडमनी कान दिले, सिस्टरांनी टब दिला, घाईबुवांनी, बिचाऱ्यांनी, माझ्यासाठी पोहणं शिकून घेतलं. डब्याच्या जन्माला येऊन आणखी किती मागायचं?

पण आत्यांचं देणं वेगळं आहे. तलावावर आता रीतच पडून गेलीय. वरून फोन आला की आत्या माइक बंद करतात आणि सगळी माणसं काठाला येऊन गप्प उभी राहतात. एखादा नवा शिकाऊ कुजबुजत विचारतो, "काय झालं हो?" शेजारचा त्याला हळूच सांगतो, "श्श. वरून कुणाचं तरी बाळ चाललंय."

हक्काने बोलणारे मी रोज ऐकतो, हवा त्यांनीच भरलीय. पट्टी स्वतःची, आवाज स्वतःचा, तोही इतक्या कष्टाने वाचवलेला, आणि तरी दुसऱ्याचं चित्र पोचावं म्हणून गप्प राहणारी बाई मी एकच ऐकली. तुमच्याही वाट्याला एखादी पट्टी आली असेल. कधी कुणी जागा मागितली तर तेवढी द्या. एवढंच मागणं आहे.

खिडकीतला सोबती खुणावतोय. आत्यांनी माइक लावला. मी थांबतो.